डिझेलची घरगाडी

देवकते सिस्टरांच्या तेराव्याला मंठ्यात त्यांच्या दारापुढे मांडव घातला होता, आणि पंगत बसायच्या आधी मांडवातली पुरुषमंडळी इंजिनावर बोलत होती. सिस्टर गेल्या होत्या हृदय बंद पडून. कर्नाटकातल्या एका समुद्रकाठच्या गावात, दुपारी जेवून गाडीतल्या खाटेवर आडव्या झाल्या आणि उठल्या नाहीत. तिथल्या डॉक्टरनं तसं स्पष्ट सांगितलं होतं. तरी मांडवात चाललं होतं की डिझेल गाडी घेतली तिथंच चुकलं, धुरानं छाती भरली असणार. एक पाहुणा म्हणाला, "गॅसवरची छोटी घेतली असती तर बरं झालं असतं. पुढं गॅसचे पंपच सापडले नसते, मुकाट घरी आली असती." त्यावर दोघंतिघं हसले.

मी चपला घातल्या आणि घरी आलो. जेवलो नाही. बायको म्हणाली, "मेलेल्या माणसाच्या दारातून उपाशी येत नसतात." मी म्हटलं, मेलेल्या माणसाच्या दारात असं हसतही नसतात. आज इतके दिवस झाले, माझा राग उतरलेला नाही. ज्या बाईनं या तालुक्यातली निम्मी पोरं हातात झेलली, त्या बाईबद्दल लोकांना बोलायला एक इंजिन सापडलं. म्हणून इंजिनाबद्दलच सांगतो. मला ते सगळं ठाऊक आहे.

मी औषधनिर्माता. सिस्टर आणि मी एकाच आरोग्य केंद्रात बरीच वर्षं होतो. बुटक्या, काळ्यासावळ्या, चालताना पुढं झुकलेल्या, जणू समोर कायम वारा आहे. त्या आधी ओरडायच्या, मग काम करायच्या, मग पुन्हा ओरडायच्या. बायकोला उशिरा आणणाऱ्या नवऱ्याला दारातच म्हणायच्या, "नऊ महिने झोपला व्हता का रे? आता पळत आला!" बाळंतपण झालं की तोच नवरा कोपऱ्यात रडत असायचा, तेव्हा सिस्टर पिशवीतून मोसंबी काढायच्या, नखानं सोलायच्या, पहिली फोड बाळंतिणीला आणि दुसरी त्याच्या तोंडात कोंबायच्या. बोलायच्या काही नाहीत. गावच्या लोकांना कळायचं की आता माफी झाली.

"बघू" हा शब्द त्यांना चालत नसे. कुणीही, अगदी डॉक्टरसाहेब, "बघू सिस्टर" म्हणाले की त्या तिथंच उभ्या राहायच्या. "डोळे उघडे हायेत ना तुमचे? मंग आत्ताच बघा." त्यामुळं त्यांच्याशी कुणाचं जमलं नाही. माझं जमलं, कारण मी कमी बोलतो.

आमच्या केंद्राला एक जीप होती, डिझेलची. थंडीच्या दिवसांत ती सकाळी सुरू व्हायची नाही. ड्रायव्हर खूप वेळ किल्ली फिरवायचा, मग चार माणसं ढकलायची, मग ती काळा धूर टाकत उठायची. सिस्टरांनी डॉक्टरांना किती वेळा सांगितलं त्याला मी साक्षी आहे. डॉक्टर म्हणायचे, बघू. त्याच जीपनं ते शनिवारी जालन्याला घरी जायचे, पण तेव्हा दुपार असायची, ऊन असायचं, जीप बिनतक्रार निघायची.

एका पौषातल्या सकाळी सविता नावाची पोरगी बाळंत झाली. पोरगं चांगलं होतं, पण तिचं रक्त थांबेना. सिस्टरांनी जे करायचं ते सगळं केलं आणि म्हणाल्या, जालना. जल्दी. आम्ही तिला जीपमध्ये घातलं. जीप सुरू झाली नाही. ढकलली, तरी झाली नाही. उताराला नेली, तरी झाली नाही. सिस्टर मागं सविताच्या पोटावर हात दाबून बसलेल्या आणि तिथून ड्रायव्हरला, आम्हाला, डॉक्टरांच्या घराला शिव्या देत होत्या. कुणीतरी ट्रॅक्टर आणला तोवर त्यांचं ओरडणं बंद झालं होतं. मी मागचा पडदा वर केला आणि समजलो.

चौकशीला एक साहेब आले. खुर्चीत बसले, चहा घेतला, आणि म्हणाले, "गाडी डिझेल आहे. थंडीत असं होतंच."

सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी साहेबांच्या पुढचा कप उचलला आणि उरलेला चहा खिडकीतून बाहेर ओतला. "साहेब, थंड झाल्ता," म्हणाल्या. सिस्टरांची बदली झाली ती याच्यानंतर. त्या वर्षी त्या गाडी चालवायला शिकल्या. आणि डिझेलच्या गाडीत बसायची वेळ आली की पदर नाकाला लावायच्या. बसमध्येसुद्धा.

निवृत्त झाल्यावर त्या पुण्याला पोराकडं गेल्या. पोरगा महेश, एकुलता, चांगल्या कंपनीत. नवरा फार पूर्वीच वारलेला. दोन महिन्यांत परत आल्या. मी विचारलं, काय झालं? "काय झालं न्हाई. हॉलमध्ये झोपायचं, लेकरू सांभाळायचं, समोरच्या इमारतीकडं बघायचं. चांगले हायेत सगळे." मग म्हणाल्या, "जोगदंड भाऊ, मला माझं सोताचं दार पाहिजे. पण दारापुढचं रोज बदललं पाहिजे. अशी काही सोय असती का हो?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. कुठंतरी मोबाइलवर त्यांनी पाहिलं होतं की गाडीतच खाट, गाडीतच चूल अशी गाडी असते. पुढं महिन्याभरात मंठ्यातला गॅरेजवाला गंगाधर मिस्त्री खबर घेऊन आला. पुण्याच्या कुण्या पोरांनी अशा दोन गाड्या भाड्यानं द्यायला बनवल्या होत्या, धंदा बसला, आणि त्या जालन्याच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात विकायला उभ्या होत्या. एक छोटी व्हॅन, पेट्रोल आणि गॅसवर चालणारी. दुसरी मोठी, सतरा सीटर, डिझेल.

ही बातमी गावात पसरली आणि सगळ्या मंठ्याला एकदम इंजिनातलं कळायला लागलं. पेट्रोलची घ्या, आवाज नाही, दुरुस्ती स्वस्त. गॅसची घ्या, खर्च कमी. गॅसची नका घेऊ, टाकी मागं बसते, पाय कुठं पसराल? डिझेलची घ्या, घाटात ओढते. डिझेलची नका घेऊ, दिल्लीकडं जुन्या डिझेलला येऊ देत नाहीत. "मला दिल्लीत काय काम हाये?" सिस्टर विचारायच्या. हळूहळू माझ्या लक्षात आलं की यातल्या एकालाही गाडीशी देणंघेणं नव्हतं. बाईनं जाऊ नये, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. ते सरळ म्हणायची हिंमत नाही, म्हणून मायलेज.

एक जण मात्र गोड बोलायला आला. आमच्याच गावातल्या शाळेचे जुने हेडमास्तर. म्हणाले, "सिस्टर, तुमच्या रक्तातच आहे भटकंती. धनगराची लेक तुम्ही." त्यांना वाटलं, कौतुक केलं.

सिस्टरांचा चेहरा असा झाला की मी दोन पावलं मागं सरलो. "गुरुजी, माझी माय मेंढरामागं चालत व्हती ती हौसेनं न्हाई. पावसात पाल उडू न्हाई म्हणून रातभर दोरी धरून बसायची. तिला पक्कं घर पाहिजे व्हतं, मरेस्तोवर मिळालं न्हाई. रक्तात काय हाये ते मला सांगू नका, मी लई रक्त पाह्यलंय."

आम्ही तिघं जालन्याला गेलो. सिस्टर, गंगाधर मिस्त्री आणि मी. सिस्टरांनी पिशवीतून स्टेथोस्कोप काढला. विकणाऱ्याला म्हणाल्या, चालू करा. त्यांनी व्हॅनच्या इंजिनाला तो लावला, डोळे मिटले, मान हलवली. विकणारा घामाघूम झाला आणि आपणहून सांगायला लागला की गॅसचं किट एकदा बदललंय, एक नळी जरा गळते. बाजूला आल्यावर मी विचारलं, "सिस्टर, काय ऐकू आलं?" त्या म्हणाल्या, "खडखड. दुसरं काय येणार? पण तो बोलला का न्हाई?"

व्हॅनच त्यांना आवडली होती. डिझेल गाडीकडं त्या गेल्याच नाहीत, लांबून पदर नाकाला लावून उभ्या. गंगाधर मिस्त्री म्हणाला, "सिस्टर, व्हॅनमध्ये इंजिन तुमच्या सीटखाली. उन्हाळ्यात बसवणार न्हाई. उभं राहून कपडे बदलता येणार न्हाई. राहायचंय ना तुम्हाला तिच्यात? मंग ही मोठीच बराबर."

"डिझेल थंडीत चालू होत न्हाई," सिस्टर म्हणाल्या.

"कोण म्हणलं?"

"साहेब म्हणले व्हते."

मिस्त्रीला त्या साहेबाचं काय माहीत! तो सरळपणानं सांगायला लागला. "हीटर प्लग जळाला आसंल तर न्हाई व्हत. एवढा एवढासा ऱ्हातो," त्यानं करंगळी दाखवली. "इंजिन आतून गरम करतो. तो बदलला की कसलीबी थंडी असू द्या, एका किल्लीत चालू."

"किती येळ लागतो बदलायला?"

"काय लागतोय! इथं चहा सांगा, चहा येईस्तोवर बदलतो."

सिस्टर बाजूला पडलेल्या एका टायरवर बसल्या. मी पाणी दिलं, त्यांनी घेतलं नाही. आजूबाजूला गाड्या चालू करत होते, बंद करत होते, हॉर्न वाजत होते. माझ्याकडं बघून त्या म्हणाल्या, "चहा येईस्तोवर, भाऊ." आवाज अगदी हळू. मी त्यांना इतक्या वर्षांत इतक्या हळू बोलताना ऐकलं नव्हतं. "इतकी वर्षं मी गाडीलाच शिव्या देत बसले. तिचा काय गुन्हा व्हता?"

मग त्या उठल्या, डिझेलच्या गाडीजवळ गेल्या, पदर नाकावरून काढला आणि बॉनेटवर थाप मारली. "हीच घ्यायची. अन् मिस्त्री, तो प्लग मला बदलून दाखवायचा. माझ्या हातानं बदलीन मी."

पुढचे काही आठवडे त्या खुशीत होत्या. खुशीत म्हणजे कमी ओरडत होत्या. हिरव्या जुन्या साडीचे पडदे शिवले, ओट्यावर दोन डबे बसवले, प्लग बदलायला शिकल्या. निघायचा दिवस ठरला. त्याच्या दोन दिवस आधी गाडी शेवटची तपासायला म्हणून मिस्त्रीकडं दिली आणि मिस्त्री तोंड पाडून आला. पंप गेला. डिझेलचा मुख्य पंप. सामान इंदूरहून यायचं.

सामान आलं नाही. आठवडा गेला, महिना गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. सिस्टर दर दोन दिवसांनी गॅरेजात जायच्या. बंद गाडीत चढायच्या, झाडायच्या, पुसायच्या, खाटेवर थोडा वेळ बसायच्या आणि परत यायच्या. मिस्त्री त्यांना चहा द्यायचा. म्हणायचा, येईल, सिस्टर. मी दोनतीनदा त्यांच्याबरोबर गेलो. एकदा त्या गाडीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "लोकं बराबर सांगत व्हते का भाऊ? माझं वयच झालं आसंल." हे वाक्य आठवलं की आजही माझ्या अंगाचा भडका होतो.

कारण पंप गेलेलाच नव्हता.

लग्नसराईत आम्ही दोघं अंबडला एका आजारी जुन्या सहकाऱ्याला भेटायला निघालो होतो. एसटी अंबडच्या स्टँडकडं वळत होती. तेवढ्यात समोरून वाजतगाजत एक वऱ्हाडाची गाडी गेली. पुढं झेंडूच्या माळा, टपावर स्पीकर, खिडक्यांतून पोरं लोंबकळलेली. सिस्टर ताडकन उठल्या.

"माझा पडदा!"

मला आधी कळलंच नाही. "भाऊ, माझा पडदा! माझी साडी! थांबवा हो गाडी!" कंडक्टर म्हणाला, मावशी, स्टँड आलंच. "मावशी तुझी घरी!" म्हणून त्या चालत्या एसटीच्या दाराशी. आम्ही रिक्षा केली. मंगल कार्यालयापुढं गाडी उभी होती आणि वऱ्हाड उतरत होतं. सिस्टरांनी एक म्हातारी पाय चाचपडत होती तिला हात धरून उतरवली, "सावकाश, आजी" म्हणाल्या, आणि दुसऱ्या दारानं स्टेअरिंगवर जाऊन बसल्या.

नवरीचा मामा धावत आला. "ओ बाई, कोण तुम्ही?"

"मालकीण. किल्ली."

"आवो, ही गाडी आमच्या गंगाधर भाऊजींची..."

"गंगाधरला सांग, इंदूरहून पंप आला. किल्ली!"

त्या आवाजात काय होतं कोण जाणे, मामानं किल्ली दिली. सिस्टरांनी फिरवली. पंप गेलेली ती गाडी एका दमात सुरू झाली. माळा तशाच, स्पीकर टपावर तसाच. मी शेजारी बसलो. अंबड ते मंठा त्या एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त एकदा, वाटेत एका चढावर गाडीनं जोर लावला तेव्हा म्हणाल्या, "ओढती हो चांगली."

मिस्त्रीनं लगेच कबूल केलं. हात जोडले. "सिस्टर, महेशनं सांगितलं व्हतं. म्हणला, काका, आईला कायबी करून थांबवा. काय झालं तर तुमच्यावर येईल. मी म्हणलं, पोरगाच हाये तिचा, त्याचं बराबर असंल."

"गाडी माझी, जीव माझा, अन् बराबर त्याचं?"

मिस्त्री गाडीच्या पुढच्या माळा सोडायला लागला. वाईट माणूस नव्हता तो, आणि माझा राग त्यामुळंच जास्त होतो. वाईट माणसाशी निदान भांडता येतं.

महेश दुसऱ्या दिवशी पुण्याहून आला. मी उठून जायला लागलो तर सिस्टर म्हणाल्या, बसा. तो समोर बसला, गोरामोरा. म्हणाला, "आई, मला भीती वाटत होती. एकटी बाई, रस्त्यात काही झालं असतं तर?"

"भीती कुणाला वाटत व्हती?"

"मला."

"मंग तू घरात बसायचं व्हतं. मला कामून बसवलं?"

महेशनं पुढ्यातला पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला.

"अन् मला वाटलं माझं वय झालं," सिस्टर म्हणाल्या. "मी त्या बंद गाडीत बसून तुझ्या बापाच्या फोटोला सांगितलं, माझ्याच्यानं आता होत न्हाई म्हणून. ते वाक्य तू माझ्या तोंडून काढलं, महेश. बाकी सगळं माफ हाये. ते न्हाई."

महेश रडला. सिस्टर आत गेल्या, ताट वाढून आणलं, त्याच्यापुढं ठेवलं, आणि तो जेवेपर्यंत पाठ करून उभ्या राहिल्या. चौथ्या दिवशी सकाळी त्या निघाल्या. महेश तेव्हा तिथंच होता. त्यानं गाडीची काच पुसली.

त्यानंतर दीड-दोन वर्षं त्या फिरल्या. महेशला रोज सकाळी फोन करायच्या. फोनमध्ये दोनच वाक्यं, "गाडी चालू झाली. ठेवते." महेशनंच मला हे सांगितलं. म्हणाला, काका, त्या दोन वाक्यांशिवाय माझा दिवस सुरू व्हायचा नाही. मांडवात लोक इंजिनावर हसत होते तेव्हा तो खांबाला टेकून बसला होता. मोबाइल हातात होता आणि तो कुणाकडंच बघत नव्हता.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या हिवाळ्यात. मंठ्याला दोन दिवस आल्या होत्या, घराचं छप्पर गळत होतं ते बघायला. राहिल्या मात्र आमच्या अंगणात, गाडीतच. माझ्या बायकोनं विचारलं, समुद्र पाहिला का? सिस्टर एकदम चिडल्या. "पाह्यला! अन् मला कुणी सांगितलंच न्हाई. लोकं म्हणत व्हते, काय असतंय, पाणीच पाणी. पाणीच पाणी? असं सांगतेत का कुणी? साठ वर्षं मला घरात बसवलं अन् वरून सांगितलं, पाणीच पाणी!" डोळ्यात पाणी आलं होतं त्यांच्या, पण आवाज भांडणाचाच होता. बायको म्हणाली, "मग कसं आहे?" सिस्टर म्हणाल्या, "ते सांगता येत न्हाई. तुम्ही जा. ह्यांना सांगू नका, एकट्या जा."

सकाळी निघाल्या. मी चौकापर्यंत बरोबर गेलो. चौकात उसाच्या दोन ट्रॉल्या आडव्या अडकल्या होत्या, एक टमटम मध्ये घुसलेली, सगळे हॉर्न वाजवत होते आणि हलत कुणीच नव्हतं. सिस्टरांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि प्रत्येकाला त्याच्या त्याच्या लायकीप्रमाणं ऐकवलं. टमटम मागं सरली, ट्रॉली पुढं गेली, रस्ता मोकळा झाला. मी खाली उतरलो. "येते, भाऊ," म्हणाल्या आणि गाडी जिंतूर रस्त्याला लागली.

मागून एक एसटी घाईत हॉर्न देत आली. मला वाटलं, आता तिच्या ड्रायव्हरची धडगत नाही. पण सिस्टरांनी गाडी डाव्या अंगाला घेतली, उजवा हात बाहेर काढला आणि त्याला पुढं जायची खूण केली. एसटी गेली. तिच्यामागून एक जीप आली, तिलाही जाऊ दिलं. मग एक मोटरसायकल, तिच्यावर नवरा-बायको आणि मध्ये लेकरू. त्यांनाही. गाडी आपली सावकाश चालली होती आणि तो हात खिडकीबाहेर तसाच हलत होता, जा म्हणत, जा.